ओहायोत 'एम' अक्षरावर फुली का मारतात? ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन, नेमकं प्रकरण काय आहे

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की इन्स्टाग्रामवर काही विचित्र फोटो फिरायला लागतात. अमेरिकेतल्या कोलंबस शहरात ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी आहे. तिथल्या कॅम्पसवरच्या पाट्यांवर जिथे जिथे इंग्रजी 'एम' अक्षर असेल, तिथे लाल चिकटपट्टीची फुली मारलेली दिसते. तुमचा एखादा मित्र किंवा मावसबहीण तिथे मास्टर्स करत असेल, तर हा फोटो तुमच्या फीडवरही येऊन गेला असेल.

कारण सोपं आहे. एम म्हणजे मिशिगन. आणि त्या आठवड्यात ओहायोमध्ये मिशिगनचं नाव घ्यायचं नसतं.

हे दोन्ही संघ यंदा २८ नोव्हेंबर २०२६ला कोलंबसमध्ये समोरासमोर येतील. अमेरिकेत या सामन्याला नुसतं 'द गेम' म्हणतात. बाकी नाव लावायची गरज पडत नाही. सामन्याला वेळ आहे, पण ऐन वेळी स्टोऱ्या बघून गोंधळ होण्यापेक्षा प्रकरण आधीच समजून घेतलेलं बरं.

कॉलेजचा सामना आणि एवढी गर्दी?

कॉलेजची टीम म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर इंटर-कॉलेज स्पर्धा येते. जिमखान्याचं मैदान, पाच-पन्नास मित्र आणि एक वैतागलेले सर. ते चित्र आधी डोक्यातून काढून टाका.

मिशिगनचं स्टेडियम ॲन आर्बर या गावात आहे. १९२७मध्ये सुरू झालेल्या या मैदानाची क्षमता आहे १,०७,६०१. ओहायो स्टेटचं घोड्याच्या नालेच्या आकाराचं स्टेडियम १९२२चं, तिथे बसतात १,०२,७८०. म्हणजे तीन वानखेडे भरून माणसं आणली तरी काही हजार खुर्च्या रिकाम्या राहतील. आणि 'द गेम'ला त्या रिकाम्या राहत नाहीत.

हा फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोचा फुटबॉल नाही. हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल. मैदानावर प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू. चार प्रयत्नांत चेंडू १० यार्ड पुढे न्यायचा, नेला की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाऊन, त्याचे ६ गुण. लाथ मारून खांबांच्या मधून घातला तर फील्ड गोल, त्याचे ३. सामना समजायला एवढं पुरतं.

भांडणाची सुरुवात जमिनीवरून

बेळगाव-कारवार-निपाणी ऐकत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला ही भानगड लगेच कळेल. १८३५मध्ये ओहायो हे राज्य आणि मिशिगन हा तेव्हाचा प्रदेश टोलेडो गावाभोवतीच्या एका पट्ट्यावरून भिडले. सुमारे १,२०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा. दोन्हीकडून सशस्त्र माणसं जमवली गेली. मिशिगनचा कारभार पाहणारा गव्हर्नर स्टीव्हन्स मेसन तेव्हा २३ वर्षांचा होता, रक्त गरमच असणार. इतिहासात याला 'टोलेडो युद्ध' म्हणतात, पण त्यात गंभीर जखमी झाला तो एकच माणूस. मिशिगनच्या बाजूच्या एका अधिकाऱ्याला खिशातल्या छोट्या चाकूने भोसकलं गेलं, आणि तोही वाचला.

शेवटी टोलेडो ओहायोला मिळालं. मिशिगनची समजूत काढायला उत्तरेकडचा जंगलांचा मोठा भाग त्यांना दिला गेला आणि १८३७मध्ये राज्याचा दर्जाही मिळाला. मिशिगनला तेव्हा हा सौदा तोट्याचा वाटला होता. नंतर त्याच जंगलात तांबं आणि लोखंड सापडलं.

दोन्ही कॉलेजांचा पहिला सामना मात्र यानंतर ६० वर्षांनी, १८९७मध्ये झाला. मिशिगनने तो ३४-० असा मारला. त्यामुळे टोलेडो युद्धातून ही खुन्नस थेट जन्मली, हे सांगायला छान वाटतं, पण खरी आग लागली ती बरीच नंतर.

गुरू आणि चेला

२५ नोव्हेंबर १९५०. कोलंबसमध्ये इतका बर्फ पडत होता की मैदानावरच्या रेषा दिसत नव्हत्या. चेंडू हातात ठेवणंच धोक्याचं, म्हणून मिशिगनने तब्बल २४ वेळा तो लाथ मारून लांब पाठवला. त्यांचा एकही पास पूर्ण झाला नाही, एकदाही नव्याने चार प्रयत्न मिळवता आले नाहीत, तरी ते ९-३ असे जिंकले. ओहायो स्टेटच्या कोचने त्यानंतर राजीनामा दिला आणि त्याच्या जागी आला वुडी हेज.

हेज हा माणूस म्हणजे वेगळंच रसायन. तो मिशिगनचं नाव तोंडातून काढायचा नाही, 'वरच्या अंगाचं ते राज्य' असं म्हणायचा. एकदा मिशिगनमधून परतताना गाडीतलं पेट्रोल संपत आलं, तर याने त्या राज्यात एक डॉलरही खर्च करणार नाही, गरज पडली तर गाडी ढकलत नेईन, असं ठरवलं म्हणे. किस्सा किती खरा आणि किती मीठमसाला, देव जाणे. पण ओहायोत तो आजही अभिमानाने सांगतात.

१९६९ला मिशिगनने नवा कोच आणला, बो शेमबेकलर. हा हेजच्याच हाताखाली आधी खेळाडू होता, मग सहायक कोच. त्या वर्षी ओहायो स्टेट देशात पहिल्या क्रमांकावर होतं, सलग २२ सामने जिंकून आलं होतं. चेल्याने पहिल्याच भेटीत गुरूला २४-१२ असं हरवलं. तिथून पुढची दहा वर्षं 'दहा वर्षांचं युद्ध' म्हणून ओळखली जातात. हिशोब निघाला मिशिगन ५, ओहायो स्टेट ४, एक बरोबरी. ती १९७३ची १०-१० बरोबरी मिशिगनवाले अजून विसरलेले नाहीत, कारण मानाच्या रोझ बोल सामन्याला कोण जाणार हे नंतर मतदानाने ठरलं आणि मतं ओहायो स्टेटला पडली.

एकूण हिशोबात कोण पुढे?

मिशिगन. २०२५पर्यंत त्यांचे ६२ विजय, ओहायो स्टेटचे ५२ आणि ६ बरोबरी.

पण यात एक गोम आहे. २०१०चा सामना ओहायो स्टेटने मैदानावर ३७-७ असा जिंकला होता, तो या हिशोबात धरलेला नाही. त्याची गोष्ट मजेशीर आहे आणि थोडी कडवटही.

मिशिगनला हरवलं की ओहायो स्टेटच्या खेळाडूला सोन्याची इवलीशी पँट मिळते, लॉकेटसारखी. १९३४पासूनची ही प्रथा. त्या वर्षी आलेल्या कोचने सांगितलं होतं की मिशिगनवालेही आपल्यासारखीच एका वेळी एक पाय घालून पँट चढवतात, त्यांना काय घाबरायचं. संघ ३४-० असा जिंकला आणि पँटचं लॉकेट सुरू झालं.

२०१०मध्ये उघड झालं की ओहायो स्टेटच्या काही खेळाडूंनी या सोन्याच्या पँट, अंगठ्या वगैरे विकून पैसे किंवा टॅटू मिळवले होते. कॉलेज खेळाडूने आपल्या खेळातून एक पैसाही कमवायचा नाही, असा तेव्हाचा नियम. पाच जणांवर बंदी आली, माहिती दडवल्याबद्दल कोच जिम ट्रेसलला २०११मध्ये जावं लागलं आणि त्या हंगामातले विजय कागदावरून पुसले गेले.

आता पुढे बघा. २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिराती करून कमवायची मुभा मिळाली. २०२५पासून तर कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी एका कॉलेजच्या सगळ्या खेळांना मिळून मर्यादा होती २ कोटी ५ लाख डॉलर, म्हणजे ढोबळमानाने १८० कोटी रुपये. मिशिगनने ब्राइस अंडरवूड हा क्वार्टरबॅक (हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) शाळेतून बाहेर पडतानाच गळाला लावला. तो आधी दुसऱ्या कॉलेजला जाणार होता. त्याच्यासाठीचा सौदा १ कोटी डॉलरच्या वर गेल्याच्या बातम्या आल्या. ज्या मुलांना काहीशे-हजार डॉलरसाठी शिक्षा झाली, त्यांना आज काय वाटत असेल?

मागच्या पाच वर्षांत काय झालं?

इथेच यंदाच्या सामन्याचा सगळा जीव आहे.

२००१ ते २०१९ या काळात मैदानावर ओहायो स्टेटने १९पैकी १७ सामने जिंकले होते. मिशिगनची चेष्टा व्हायची. २०२०चा सामना कोविडमुळे रद्द झाला आणि मग चक्र उलटं फिरलं. २०२१ला मिशिगन ४२-२७, २०२२ला ४५-२३, २०२३ला ३०-२४.

यातल्या २०२३च्या विजयाला एक डाग आहे. मिशिगनचा एक कर्मचारी पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसं पाठवून त्यांचे इशारे टिपत असल्याचं समोर आलं. मैदानावर समोरच्याचे इशारे ओळखणं चालतं, पण आधी जाऊन टेहळणी करायला बंदी आहे. कोच जिम हार्बॉ तीन सामन्यांसाठी निलंबित झाला, त्यात हा सामनाही होता. मिशिगनने तो त्याच्याशिवाय जिंकला आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही. ओहायोवाले या तिन्ही विजयांना चोरी म्हणतात. मला विचाराल तर ते सोयीचं आहे. २०२१ला मिशिगनने पळून २९७ यार्ड काढले आणि ओहायो स्टेटने फक्त ६४. इशारे कळले म्हणून समोरची भिंत एवढी कोसळत नाही.

आणि २०२४ला तर ती सबबही उरली नाही. मिशिगनचा संघ तेव्हा ६ विजय, ५ पराभव असा अडखळत आलेला. ओहायो स्टेट जवळपास २० गुणांनी जिंकेल असा अंदाज होता. निकाल लागला मिशिगन १३, ओहायो स्टेट १०, तोही कोलंबसमध्ये. जिंकल्यावर मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. दोन्ही कॉलेजांना १-१ लाख डॉलरचा दंड झाला. ओहायोच्या एका आमदाराने तर त्या मैदानावर झेंडा रोवणं हा गंभीर गुन्हा ठरवावा असं विधेयकच आणलं!

गंमत म्हणजे त्याच ओहायो स्टेटने पुढे बारा संघांच्या प्लेऑफमधून वाट काढत जानेवारी २०२५मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पुढच्या हंगामात बरोबर उलटं. ॲन आर्बरला बर्फात मिशिगनला २७-९ असं हरवलं, त्यांना एकही टचडाऊन करू दिला नाही. पण आठवड्याभरात लीगच्या अंतिम सामन्यात इंडियानाकडून हरले, पुन्हा १३-१०नेच, आणि मग प्लेऑफमध्ये मायामीने घरी पाठवलं.

मग आता या सामन्याला अर्थ उरलाय का, हा प्रश्न अमेरिकेत सध्या खरोखर चर्चेत आहे. पूर्वी इथे हरलात की हंगाम संपायचा. आता प्लेऑफमुळे दुसरी संधी असते. पण २०२४चं विजेतेपद हातात असतानाही कोच रायन डेला मिशिगनवरून टोमणे ऐकावे लागले, यावरून लोकांचं उत्तर कळतं.

यंदा पारडं कुणाचं जड?

नुसती गुणवत्ता मोजली तर ओहायो स्टेट. क्वार्टरबॅक ज्युलियन सेयिनने २०२५मध्ये देशातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइजमन पुरस्काराच्या अंतिम यादीत जागा मिळवली होती. जेरेमाया स्मिथसारखा चेंडू झेलणारा कॉलेजमध्ये क्वचित दिसतो. मिशिगनचा अंडरवूड २०२५च्या सामन्यात अगदीच नवखा होता.

मिशिगनकडे कोच नवा आहे. डिसेंबर २०२५मध्ये युनिव्हर्सिटीने शेरॉन मूरला काढलं आणि काइल व्हिटिंगहॅमला आणलं. हा गडी युटामध्ये २१ हंगाम मुख्य कोच होता. त्याचे संघ अंगाला भिडणारे, पळत चेंडू नेणारे म्हणून ओळखले जातात. डेची आणि त्याची गाठ आधी पडली आहे, १ जानेवारी २०२२च्या रोझ बोलमध्ये. तेव्हा डे जिंकला, पण ४८-४५ असा, घाम फुटेपर्यंत.

आता डेबद्दलची ती गोष्ट, जी ओहायोवाल्यांना सलते. मिशिगनविरुद्ध त्याचे दोन विजय आहेत, २०१९ आणि २०२५. दोन्ही ॲन आर्बरचे. मुख्य कोच म्हणून त्याने कोलंबसमध्ये मिशिगनला एकदाही हरवलेलं नाही. तिथला ओहायो स्टेटचा शेवटचा विजय २०१८चा, म्हणजे तो मुख्य कोच होण्याआधीचा. आज कोलंबसमध्ये शेवटच्या वर्षाला असलेली बहुतेक मुलं तेव्हा आठवी-नववीत होती.

परंपरेप्रमाणे दुपारी १२ला सुरू झाला, तर आपल्याकडे शनिवारी रात्रीचे साडेदहा वाजलेले असतील. बघायला बसलात तर लांबलचक पासवर जास्त भुलू नका. कोण जास्त पळतंय तेवढं मोजा. २०२१ ते २०२५ या पाचही सामन्यांत ज्याने पळून जास्त यार्ड काढले, तोच जिंकलाय.