क्रीडाबुटांचे संकल्पचित्रण

क्रीडाबुटांचे संकल्पचित्रण : धावणे, बास्केटबॉल, टेनिस अशा खेळांसाठीचा नवा बूट कारखान्यात जाण्याआधी त्याचे रूप, रचना आणि साहित्य कागदावर किंवा पडद्यावर ठरवण्याची कला. तिचे ठळक टप्पे दोन. पहिला रेखाटनाचा. यात पेन्सिलीने किंवा साध्या बॉलपेनने भराभर आकृत्या काढल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेक टाकून दिल्या जातात. दुसऱ्या टप्प्याला या व्यवसायात सगळीकडे रेंडरिंगच म्हणतात. निवडलेल्या आकृतीला छायाप्रकाश, पोत आणि रंग देऊन तयार बूट समोर ठेवल्याचा भास त्यात निर्माण करतात. पहिल्या टप्प्यात आरेखक स्वतःशी बोलत असतो, दुसऱ्यात तो वरिष्ठांशी आणि विक्री विभागाशी बोलतो.

बूट बहुतेक वेळा बाहेरच्या, म्हणजे करंगळीच्या बाजूने काढतात. दुकानाच्या फळीवर हीच बाजू दिसते आणि जाहिरातीतही हीच छापली जाते. आतली बाजू, वरून दिसणारे रूप, टाच आणि तळ यांची चित्रे नंतर येतात. नवशिक्यांच्या वह्यांत ती पुष्कळदा येतच नाहीत. बाहेरच्या बाजूने झोकात आलेली रेघ चवड्याला वळसा घालून आत कुठे संपते, पायाच्या कमानीपाशी तिचे काय होते, हे ठरवले नसेल तर चित्र कितीही देखणे असले तरी बूट अर्धाच काढलेला असतो.

या चित्रणाचा खरा आधार फर्मा. पायाच्या आकाराचा हा ठोकळा पूर्वी लाकडी असे, आता बहुधा प्लास्टिकचा असतो आणि बुटाचा वरचा भाग त्याच्यावरच ताणून बसवतात. पुरुषांच्या बुटाचा पहिला नमुना सहसा अमेरिकी नऊ मापाच्या फर्म्यावर होतो. जाणता आरेखक फर्म्याची बाह्यरेषा कागदाखाली ठेवून तिच्यावर रेघा घेतो. फर्मा विसरून काढलेल्या चित्रात पुढचे टोक नको तितके वर उचललेले असते, टाच मागे ताणलेली असते आणि घोटा चिंचोळा होतो. चित्राला वेग येतो, पण असल्या बुटात कुणाचा पाय शिरत नाही.

कागदावरची रेघ फर्म्यावर नेण्याची एक जुनी युक्ती आजही शिकवली जाते. फर्म्याला कागदी चिकटपट्टी गुंडाळायची आणि तिच्यावर शिवणी, तुकडे, नाडीची भोके पेन्सिलीने काढायची. मग चवड्याच्या आणि टाचेच्या मधल्या रेषेवर पाते फिरवून ती पट्टी सोलून पुठ्ठ्यावर चिकटवायची. गोलसर पृष्ठभाग सपाट करताना कडांना चुण्या पडतात, तिथे बारीक काप द्यावे लागतात. त्यातूनच कापड आणि चामडे कापण्याचा नमुना मिळतो. रेखाटनातली एखादी डौलदार वक्ररेषा प्रत्यक्ष शिवता येणार नाही, हे आरेखकाला इथे पहिल्यांदा कळते.

रेंडरिंगचे तंत्र मोटारींच्या आणि वस्तूंच्या आरेखनातूनच आलेले आहे. संगणक येईपर्यंत ते मार्कर, रंगीत पेन्सिली आणि पांढरी गवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, यांच्यावर चाले. जपानी कॉपिक मार्कर १९८७ मध्ये आले आणि आरेखकांच्या टेबलावर ठाण मांडून बसले. रेघांना उतरंड असते. बाह्यरेषा जाड, दोन तुकड्यांमधली रेघ मध्यम आणि शिवणीचे टाके सगळ्यांत बारीक. चामड्यावर प्रकाश मऊ पसरतो, चकचकीत चामड्यावर त्याची कडा धारदार होते, जाळीदार कापड तो गिळून टाकते. मिडसोल, म्हणजे पायाखालचा फेसाचा जाड थर, वरचा भाग आणि जमिनीला टेकणारा तळ यांच्या सांध्यांवरच्या सावल्या चुकल्या की सगळा बूट एकाच रबरात ओतल्यासारखा दिसू लागतो.

या क्षेत्रातले सर्वांत गाजलेले नाव टिंकर हॅटफिल्ड यांचे. ओरेगन विद्यापीठात ते वास्तुकला शिकले. तिथेच बिल बॉवरमन यांच्या हाताखाली ते बांबूउडीचा सरावही करत. हेच बॉवरमन नायकीचे एक संस्थापक. हॅटफिल्ड १९८१ मध्ये नायकीत आले ते इमारतींसाठी आणि १९८५ पासून बुटांकडे वळले. बुटाच्या तळात हवेची पिशवी बसवण्याची कल्पना अवकाशतंत्रज्ञानातून आलेले अभियंते फ्रँक रूडी यांची. १९७८ च्या टेलविंड बुटात ती आलीही होती, पण ती पूर्ण झाकलेली होती आणि गिऱ्हाइकाला निव्वळ कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागे. हॅटफिल्ड यांनी पॅरिसमध्ये पाँपिदू केंद्र पाहिले. रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांच्या त्या इमारतीचे नळ, जिने, सांगाडा असे सगळे पोटातले भाग रंगवून बाहेर मांडले आहेत. त्यातून त्यांना सुचले, ते मिडसोलला खिडकी पाडून हवेची पिशवी दाखवायचे. असा तळ कमकुवत वाटेल, लोक त्याला टोचून पाहतील, अशी धास्ती कंपनीतल्याच अनेकांना होती. १९८७ मध्ये बाजारात आलेल्या एअर मॅक्स १ भोवती लाल पट्टा आहे तो नजर त्या खिडकीकडे खेचण्यासाठी.

चित्र आणि वस्तू यांच्यातली ओढाताणही याच बुटात दिसते. सुरुवातीच्या जोडांमधली खिडकी मोठी होती आणि थंडीत त्या पिशव्यांना तडे जाऊ लागले. खिडकी लहान करावी लागली. मोठ्या खिडकीचा तो मूळ आकार नायकीने पुन्हा विकायला काढला तो थेट २०२३ मध्ये. रेखाटन बरोबर होते, साहित्य मागे पडले होते.

एअर मॅक्स १ नंतर पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, हॅटफिल्ड यांचा एअर जॉर्डन ३ आला. पहिल्या जॉर्डन बुटाचे आरेखक पीटर मूर कंपनी सोडून गेले होते आणि ज्याच्या नावाने हे बूट निघत तो बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनही जाण्याच्या विचारात होता. हॅटफिल्ड यांनी आधी त्याला काय हवे ते विचारून घेतले. त्याला उंच घोट्याच्या आणि बुटक्या बुटाच्या मधली उंची हवी होती. चामडे मऊ हवे होते, नवाकोरा बूटही पहिल्याच दिवशी पायाला मानवेल असे. चित्रात या मागण्यांना हत्तीच्या कातडीसारख्या पोताची जोड मिळाली आणि बुटाच्या जिभेवर उडी घेणाऱ्या जॉर्डनची आकृती बसली. खेळाडू इथे जाहिरातीतला चेहरा राहिला नाही, तो आरेखनातला भागीदार झाला. आज खेळाडूच्या नावाने निघणाऱ्या बहुतेक बुटांची सुरुवात अशाच बैठकीने होते, निदान तसे सांगितले तरी जाते.

संदर्भ कुठूनही येतो. सर्जिओ लोझानो यांनी एअर मॅक्स ९५ काढताना पावसाने झिजत जाणाऱ्या जमिनीच्या थरांवरून सुरुवात केली आणि मग मानवी शरीराकडे मोहरा वळवला. नाडी अडकवण्याचे पट्टे बरगड्या झाले, बाजूचे थर स्नायू झाले, तळ पाठीचा कणा झाला. खालून वर फिकट होत जाणाऱ्या राखाडी छटा डोळ्यांना सुखावतात, पण त्यांचे काम व्यवहाराचे आहे. चिखल खाली उडतो, म्हणून गडद रंग खाली. स्टीव्हन स्मिथ यांनी रीबॉकच्या १९९४ च्या इन्स्टापंप फ्युरीमध्ये उलट वाट धरली. काय जोडता येईल यापेक्षा काय काढून टाकता येईल हे ते पाहत गेले. नाडी गेली, तळाचा मधला भागही गेला. उरलेले दोन तुकडे एका ताठ पुलाने जोडले आणि पायाला पकड हवा भरून दिली.

काही संकल्पचित्रे तंत्राच्या पुढे धावतात. ‘बॅक टू द फ्यूचर’ चित्रपटाच्या दुसऱ्या भागासाठी, १९८९ मध्ये, हॅटफिल्ड यांनी आपोआप नाडी आवळणारा बूट काढला. पडद्यावर तो चित्रीकरणातल्या क्लृप्त्यांनी चालला. नाडी खरोखर आवळणारा हायपरअडॅप्ट दुकानात यायला २०१६ उजाडले.

चित्र मंजूर झाले की त्याचे स्वरूप बदलते. छाया आणि चमक गळून पडते, उरतात मोजमापांसह सरळ रेघा, साहित्याची नावे आणि रंगांचे क्रमांक. हा संच व्हिएतनाम, इंडोनेशिया किंवा चीनमधल्या कारखान्यात जातो. कल्पनेपासून दुकानापर्यंत साधारण दीड वर्ष लागते. अमेरिकेत आरेखनाचे पेटंट घेताना आणखी वेगळी चित्रे लागतात. तिथे सलग रेघ म्हणजे ज्या भागावर हक्क सांगितला तो, आणि तुटक रेघ म्हणजे नुसता संदर्भ. स्पर्धेचे नियमही रेघेवर येऊन बसतात. रस्त्यावरच्या शर्यतीच्या बुटाचा तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि आत ताठ पट्टी एकच, असे जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये ठरवले. तेव्हापासून मॅरेथॉनच्या बुटाचे रेखाटन या आकड्याच्या आतच करावे लागते.

संगणकाने साधने बदलली. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर रुळले, त्रिमितीय प्रारूपे आली आणि ग्रॅव्हिटी स्केचसारख्या साधनांनी डोळ्यांवर आभासी वास्तवाचा चष्मा चढवून हवेतच रेघ ओढण्याची सोय झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर क्षणात डझनभर चकचकीत बूट दाखवतात. त्या चित्रांना फर्मा नसतो. शिवण मध्येच विरून जाते, नाडीची भोके दोन बाजूंना जुळत नाहीत. सुचवण्यापुरती ती कामाची, शिवण्यासाठी नव्हेत.

या कलेचे स्वतंत्र शिक्षण अलीकडचे आहे. ड्वेन एडवर्ड्स कॅलिफोर्नियातल्या एल. ए. गिअर कंपनीत फायली लावण्याचे काम करत. तिथे कर्मचाऱ्यांच्या सूचनांसाठी पेटी होती. ते तिच्यात रोज बुटाचे एक रेखाटन टाकत राहिले आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याच कंपनीत आरेखक झाले. पुढे त्यांनी जॉर्डन बुटांसाठीही काम केले. २०१० मध्ये त्यांनी पोर्टलंड शहरात पेन्सोल ही बूट-आरेखनाची शाळा काढली. २०२२ मध्ये तिच्यातूनच डेट्रॉइटमध्ये पेन्सोल लुईस महाविद्यालय उभे राहिले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांपैकी आरेखनाला वाहिलेले ते पहिले.