कवंदीची फुले

आमच्या पन्हाळ्यावर ‘सिद्दी’ म्हटले की पोरांना एकच जण आठवतो : १६६० साली चार महिने गडाला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर. त्याचे मूळ आफ्रिकेतले, असे सांगितले की वर्गाला नवल वाटते. पण आफ्रिकेतून आलेले आणखीही सिद्दी आहेत. त्यांची हकीकत कुणी विचारीत नाही.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पुढे त्यांच्या गलबतांतून आफ्रिकेतली माणसे गुलाम म्हणून येत आणि बाजारात विकली जात. त्यांतले कित्येक पळाले, घाट चढून हल्याळ-यल्लापूरच्या रानात दडले. त्यांचे वंशज आजही तिथे नांदतात.

त्यांच्या बायका कवंदी शिवतात. कवंदी म्हणजे आपली वाकळच! जुन्या लुगड्यांचे तुकडे घ्यायचे, काठापासून धावदोरा घालीत फेऱ्याफेऱ्यांनी मध्याशी पोचायचे. ख्रिस्ती घरात तीवर क्रूस येतो, मुसलमान घरात चंद्रकोर. शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले बसवायची. फुलांवाचून कवंदी उघडी मानतात.

थंडी भागवायला फुले लागत नाहीत. मग ती कशासाठी? मला वाटते, ज्यांच्या पूर्वजांना माल म्हणून विकले, त्यांचे हे उत्तर आहे. गरजेपुरते झाल्यावरही सुई खाली न ठेवणे हे माणसाचेच काम.

या दिवाळीत माळ्यावरची वाकळ उन्हात टाकाल, तेव्हा तिचे कोपरे जरा निरखून पाहा. आजीने तिथे काय शिवून ठेवले आहे?