मधले बारा तास

कुवेतच्या आरोग्य मंत्रालयाची नोंद शनिवार, 9 ऑगस्ट 2025 पासून सुरू होते. त्या दिवसापासून भेसळीच्या दारूतून मिथेनॉलची बाधा झालेले रुग्ण इस्पितळांत येऊ लागले, बहुतेक सगळे आशियाई कामगार. पण विषाचं घड्याळ त्याआधीच चालू झालं होतं. मिथेनॉल पोटात गेल्यापासून खरी लक्षणं दिसायला साधारण 12 ते 24 तास जातात. सोबत नेहमीची दारू पोटात असेल तर आणखी जास्त. म्हणजे शनिवारी दाखल झालेल्यांनी घोट घेतला तो बहुधा शुक्रवारी, नाहीतर गुरुवारी रात्री. तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची. हा हिशेब माझा, सरकारी नव्हे.

पुढचा घटनाक्रमही कुणा एकाचा नाही. हे विष अंगात तासातासाने कसं सरकतं ते वैद्यकाला ठाऊक आहे. आखातातल्या कामगाराचा दिवस कसा जातो ते रत्नागिरी-खेडकडच्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. दोन्ही शेजारी मांडले, एवढंच.

तास 0

पाण्याची प्लास्टिकची बाटली, वर लेबल नाही. ही दारू जलीब अल-शुयूख भागात विकली गेल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. जलीब म्हणजे विमानतळाला लागून असलेली, फरवानिया प्रांतातली कामगारांची दाट वस्ती. कुवेतने 1960 च्या दशकातच दारूची आयात बंद केली. मागणी मात्र बंद झाली नाही, ती खोल्यांच्या आत गेली.

साखर आणि यीस्ट आंबवून घरात गाळलेल्या दारूत मिथेनॉल नावापुरतंच असतं. माणसं मरतात ती भट्टी बिघडल्यामुळे नव्हे, तर कारखान्यात वापरायचं स्वस्त मिथेनॉल कुणीतरी जाणूनबुजून मिसळतो म्हणून. मालाडच्या मालवणीत जून 2015 मध्ये शंभराहून अधिक माणसं गेली, ती याच मिथेनॉलने. त्याला रंग नाही, आणि वासाचवीवरून पट्टीचा पिणाराही ते ओळखू शकत नाही.

तास 2

मिथेनॉलची नशा साध्या दारूपेक्षा कमी. ‘आज चढतच नाहीये’ म्हणून आणखी एक ग्लास भरला जातो. साधारण 30 मिलिलिटर शुद्ध मिथेनॉल जिवावर बेतू शकतं. चहाचा छोटा कप आठवा, त्याच्या अर्ध्याहूनही कमी.

तास 4 ते 12

काहीच होत नाही. माणूस झोपतो, उठतो, पाणी पितो, घरी व्हिडिओ कॉल करतो. यकृत मात्र कामाला लागलेलं असतं. जे विकर नेहमीची दारू फोडतं, तेच मिथेनॉलही फोडतं. त्यातून आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल तयार होतं. मुंगी डसल्यावर आग होते ती याच आम्लाने. मूळ मिथेनॉल त्या मानाने गरीब. घात करतं ते हे आम्ल, आणि ते तयार करतं आपलंच यकृत.

या अवधीत कुणी इस्पितळात पोचला तर तो वाचण्याची शक्यता फार मोठी. पण धडधाकट माणूस इस्पितळात कशाला जाईल?

तास 14

डोकं ठणकतं, मळमळ, पोटात कळ, एखादी उलटी. खोलीत या त्रासाला तीन कारणं तयार असतात. पहिलं, उतरली नाही अजून. दुसरं, ऊन लागलं; कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट सकाळी 11 ते दुपारी 4 उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे, यावरून तिथला ऑगस्ट कसा असतो ते समजावं. तिसरं, ॲसिडिटी. तिन्ही कारणं पटण्यासारखी, त्यामुळे खालच्या बकाल्यातून पॅनाडोल येतं आणि माणूस भिंतीकडे तोंड करून पडतो.

(बकाला म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. हा शब्द तिथे गेलेला मराठी माणूस आठवड्याभरात उचलतो.)

तास 18

बनियनच्या टोकाने तो मोबाइलची काच पुसतो. पुन्हा पुसतो. काच स्वच्छ आहे. पडद्यावरची अक्षरं पिंजलेल्या कापसाआडून आल्यासारखी दिसतात. फॉर्मिक आम्ल दृष्टीच्या मज्जातंतूपर्यंत पोचलेलं आहे. बर्फ पडत असताना बघावं तसं दिसतं, असं वर्णन वैद्यकाच्या पुस्तकांत आढळतं. आपल्या माणसाने बर्फ पाहिलेला नसतो. तो ‘धुकं आलंय’ म्हणतो.

दारूनंतर नजर धूसर होणं ही या विषाची जवळजवळ सहीच. इतर कुठल्याही लक्षणावर चर्चा होऊ शकते, यावर नाही.

तास 20

चर्चा मात्र होते. खोलीत चार किंवा सहा पलंग, वर-खाली. कुणी म्हणतं टॅक्सी बोलाव. कुणी म्हणतं थांब.

इस्पितळात गेलं की पहिला प्रश्न: काय प्यायलास? उत्तर दिलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं. परदेशी माणूस दारूच्या प्रकरणात सापडला तर त्याला मायदेशी धाडलं जाऊ शकतं. मग अकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, रद्द, आणि व्हिसासाठी एजंटाला दिलेल्या पैशांचं कर्ज मात्र गावाकडे तसंच. अकाम्याची मुदत आधीच संपलेली असेल तर विचारायलाच नको. शिवाय ज्याने बाटली आणली तोही याच खोलीत बसलेला असतो, आणि त्याची भीती सगळ्यांत मोठी.

पैशाचाही प्रश्न आहे, जरी तो दुय्यम म्हणावा लागेल. परदेशी कामगाराला सरकारी दवाखान्यात तपासणीचे 2 दिनार पडतात. डिसेंबर 2022 पासून दवाखान्यात आणि इस्पितळाच्या तातडीच्या विभागात औषधांचे 5 दिनार वेगळे लागू झाले. एक दिनार म्हणजे पावणेतीनशेहून अधिक रुपये. रक्कम जीव जाण्याइतकी मोठी नाही. पण साध्या दुखण्याला दवाखाना टाळायची सवय तिने लागते, आणि ती सवय मोठ्या दुखण्यातही सुटत नाही. 2013 मध्ये जहरा इथल्या सरकारी इस्पितळात सकाळचा बाह्यरुग्ण विभाग फक्त नागरिकांसाठी ठेवून परदेशी रुग्णांना संध्याकाळी बोलवायचा प्रयोग झाला होता. असे निर्णय तातडीच्या रुग्णाला अडवत नाहीत, हे खरं. पण इस्पितळाच्या दारात आपण दुसऱ्या रांगेतले आहोत, हे माणसाच्या मनात पक्कं बसतं.

‘सकाळी बघू’ असं ठरतं.

तास 26

श्वास खोल आणि भराभर चालू होतो, धावत आल्यासारखा. रक्तात आम्ल वाढलंय आणि शरीर श्वासावाटे ते उतरवू पाहतंय. आता शेजाऱ्यांची भीती मोडते आणि ते त्याला उचलून नेतात.

इथून पुढे कुवेतकडे जे लागतं ते सगळं आहे: रक्तातलं आम्ल मोजणारी चाचणी, अतिदक्षता विभाग, कृत्रिम श्वासाची यंत्रं, डायलिसिस. रक्तातलं आम्ल उतरवायला बायकार्बोनेट देतात. विष फोडणारं विकर अडवून धरायला फोमेपिझोल नावाचं औषध आहे; ते नसेल तर चक्क इथेनॉल, म्हणजे साधा मद्यार्क, मोजून देतात. विकराला इथेनॉल जास्त प्रिय, ते त्यात गुंतलं की मिथेनॉल तसंच राहतं आणि डायलिसिसने काढून टाकता येतं. दारूवर दारूचा उतारा ही म्हण नव्हे, अधिकृत उपचार आहे.

पण हे औषध पुढचं आम्ल तयार होणं थांबवतं, आधी तयार झालेल्या आम्लाने जे जाळलं ते परत आणत नाही. म्हणून चौदाव्या तासापासून सव्विसाव्यापर्यंतचे ते मधले बारा तास महत्त्वाचे.

14 ऑगस्ट, गुरुवार

मंत्रालयाचा आकडा: 63 रुग्ण, 13 मृत्यू. 51 जणांना तातडीचं डायलिसिस, 31 जण कृत्रिम श्वासावर, 21 जणांची दृष्टी कायमची गेलेली किंवा अधू झालेली. लवकरच आकडा वाढून 160 रुग्ण आणि 23 मृत्यू झाला. सुमारे 40 भारतीय इस्पितळांत असल्याचं आपल्या दूतावासाने कळवलं. काही दगावले होते, काही गंभीर होते.

त्यातले किती जण किती तासांनी पोचले, हे त्या आकड्यांत नाही. मला विचाराल तर सगळ्यांत उपयोगाचा आकडा तोच ठरला असता.

16 ऑगस्ट, शनिवार

गृह मंत्रालयाने 67 जणांना अटक केल्याचं जाहीर केलं. चालू असलेले सहा कारखाने आणि अजून सुरू न झालेले चार बंद केले, काही थेट राहत्या वस्तीत. धाडी वेगाने पडल्या, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण पिणाऱ्याला गुन्हेगार धरणारा कायदा आहे तसाच राहिला, तर पुढच्या बाटलीच्या वेळीही खोलीत तीच चर्चा होणार. ‘उपचाराला आलेल्याला पोलिसांच्या हवाली करणार नाही’ एवढं एक वाक्य, हिंदी, बंगाली, नेपाळी आणि मल्याळममध्ये जलीबच्या प्रत्येक बकाल्यावर चिकटवलं, तर ते त्या दहा कारखान्यांच्या कुलपांपेक्षा जास्त जीव वाचवेल, असं माझं मत आहे. मालवणीलाही हेच लागू होतं, फरक भाषांचा.

तुमच्या घरचं कुणी आखातात असेल तर पुढच्या फोनवर एवढं सांगा. प्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं आलं तर झोपायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही, आणि डॉक्टरला खरं सांगायचं. कुवेतमध्ये रुग्णवाहिकेचा क्रमांक 112 आहे.