फ्रेडरिक्सबर्गची ‘संडे हाऊस’

टेक्सासमधील फ्रेडरिक्सबर्ग हे गाव जर्मन स्थलांतरितांनी १८४६ मध्ये वसवले. प्रत्येकाच्या वाट्याला गावात घरासाठी जागा आणि गावाबाहेर दहा एकर जमीन आली. पुढे दूरच्या मळ्यांवर राहणारी कुटुंबे शनिवारी बाजाराला व रविवारी चर्चला गावात येत. त्या मुक्कामापुरती बांधलेली चिमुकली घरे म्हणजे ‘संडे हाऊस’: बहुधा एक-दोन खोल्या, वर माळा आणि माळ्यावर जाणारा जिना भिंतीबाहेरून. गावातील अधिक जुनी घरे ‘फाखवेर्क’ पद्धतीची, म्हणजे लाकडी सांगाड्यात चुनखडीचे दगड भरून उभारलेली.

जतनाची जाणीव मात्र नुकसानीनंतर आली. चर्च, शाळा आणि सभागृह अशा तिन्ही कामी येणारी, १८४७ मधील अष्टकोनी ‘फेराइन्स किर्शे’ गावाच्या सुवर्णमहोत्सवानंतर, १८९७ मध्ये, पाडण्यात आली. आज दिसते ती १९३० च्या दशकातील प्रतिकृती. तिच्याच उभारणीच्या खटपटीतून १९३४ मध्ये गिलेस्पी काउंटीची इतिहास संस्था स्थापन झाली. या संस्थेच्या पायोनिअर म्युझियममध्ये १८४९ चे कामला घराणे राहत असलेले घर आणि एक संडे हाऊसही पाहता येते.

इतर अनेक संडे हाऊस आता पर्यटकांची निवासस्थाने झाली आहेत. त्या भाड्यावर त्यांची डागडुजी होते, हेही खरे. पण मळ्याशी असलेले त्यांचे नाते तुटले. ते समजून घ्यायचे तर जवळच्या स्टोनवॉल येथील सावर-बेकमन फार्मवर जावे. तेथील कर्मचारी १९१५ च्या सुमाराच्या वेषात गाई दोहतात, चीज आणि साबण बनवतात व लाकडाच्या चुलीवर रांधतात.