दंतहर्ष आणि गुळणीची परीक्षा

कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर दांत आंबतात, हा अनुभव लहानपणापासून सर्वांच्याच परिचयाचा आहे. परंतु कांहीं माणसांना आंबटाचा कण न खातांहि ही व्यथा भोगावी लागते. माठांतल्या पाण्याचा घोट घेतला, पहाटेचा गार वारा तोंडांत शिरला, कीं दांतांतून कळ निघते. ती क्षणभर राहते आणि नाहींशी होते. ना सूज, ना रक्त, ना ताप. वैद्यापुढें दाखवावें असें कांहींच मागें उरत नाहीं. या दुखण्याला साक्षीदार एकच, तो म्हणजे स्वतः रोगी. अशा व्यथेवर गुळण्यांचीं औषधें पूर्वींहि होतीं आणि आज तर बाजारांत उदंड आहेत. पण अमक्या गुळणीनें खरोखर गुण येतो, हें ठरवावयाचें कसें? या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांना ही व्यथा चांगली ठाऊक होती. सुश्रुतसंहितेंत तिला दंतहर्ष असें नांव आहे. येथें हर्ष म्हणजे आनंद नव्हे. रोमहर्ष या शब्दांत जो हर्ष आहे तोच हा. थंड, ऊन आणि स्पर्श हीं तिन्ही दांतांना सोसेनाशीं होणें, हें त्याचें लक्षण सुश्रुतानें दिलें आहे, आणि कोमट स्नेहाचे कवल धरणें हा उपचार सांगितला आहे. तोंडांत द्रव खेळवितां येईल इतका घेतला तर तो कवल, आणि तोंड गच्च भरून न हालवितां धरला तर तो गंडूष, असा भेदहि त्यानें केला आहे. तिळाच्या तेलाचा गंडूष धरणाऱ्याचे दांत आंबटानें आंबत नाहींत, असें चरकसंहितेंत म्हटलें आहे. हीं वचनें दीर्घ निरीक्षणांतून आलेलीं आहेत. परंतु तेल धरणारे आणि न धरणारे असे दोन गट समोरासमोर ठेवून पाहण्याची रीत त्या काळीं जगांत कोठेंच रुळली नव्हती.

गुळणीची प्रत्यक्ष परीक्षा करण्याचा एक फार जुना प्रयत्न हॉलंडमधील डेल्फ्ट गांवच्या आंतोनी व्हान लेव्हेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्यानें केला. स्वतः घासलेल्या भिंगांतून पाहून, दांताचें अंग अतिसूक्ष्म सरळ नळ्यांचें बनलेलें आहे, असें त्यानें कळविलें. तें वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीनें १६७८ सालीं छापलें. पुढें १६८३ च्या पत्रांत दांतांवरच्या किटणांत वळवळणाऱ्या जीवांची हकीकत त्यानें लिहिली. त्यानें तीव्र शिर्का तोंडांत घोळविला, साध्या पाण्यानें तोंड धुतलें आणि किटण पुन्हां तपासलें, तों जीव पूर्वींसारखेच जिवंत! मात्र तेंच किटण बाहेर काढून त्यांत शिर्का मिसळतांच ते मेले. त्याचा शोध दांत आंबण्याविषयीं नव्हता; पण गुळण्यांच्या परीक्षेतला पहिला धडा त्यांतून मिळतो. बशींत जें घडतें तें तोंडांत घडेलच असें नाहीं.

दुसरा धडा वेदनेच्या स्वभावाचा. एलिशा पर्किन्स नांवाच्या अमेरिकन वैद्यानें १७९६ सालीं धातूच्या दोन टोकदार कांड्यांचें पेटंट घेतलें होतें. त्या दुखऱ्या जागेवरून ओढल्या कीं वेदना निघून जाते, अशी त्यांची ख्याति झाली. इंग्लंडांत बाथ शहरीं डॉक्टर जॉन हेगार्थ यानें १७९९ सालीं लांकडाच्या तशाच कांड्या करून त्यांना धातूसारखा रंग दिला आणि संधिवाताच्या पांच रोग्यांवर त्या वापरल्या. पांचांपैकीं चौघांनीं आराम वाटल्याचें सांगितलें. हे चौघे खोटें बोलत नव्हते. त्यांना खरोखरच बरें वाटलें होतें. परंतु तो गुण कांड्यांचा नव्हता. आणि दंतहर्ष हें तर सर्वस्वीं वेदनेचेंच दुखणें असल्यामुळें ही गोष्ट त्याला विशेषच लागू पडते.

आतां ही वेदना उत्पन्न कशी होते तें पाहूं. कारण तें समजल्यावांचून कोणत्या गुणासाठीं औषध तपासावयाचें हेंच ठरत नाहीं. दांताच्या शुभ्र कवचाखालीं दंतिन नांवाचा पिवळसर थर असतो. लेव्हेनहुकनें पाहिलेल्या नळ्या याच थरांतल्या. हिरडी मागें हटली किंवा कवच झिजलें, कीं त्यांचीं तोंडें उघडीं पडतात. नळ्यांत द्रव भरलेला असतो. गारव्यानें, वाऱ्यानें किंवा आंबटगोडानें तो द्रव हालतो आणि आंतल्या मज्जेच्या नसांना धक्का देतो, ही कल्पना आल्फ्रेड गीझी यानें १९०० सालीं मांडली. १९६० नंतर स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यानें प्रयोगांनीं ती दृढ केली. १९८७ मध्यें ब्रिटनमधील संशोधकांनीं शिवशिवणारे दांत आणि न शिवशिवणारे दांत सूक्ष्मदर्शकाखालीं ताडून पाहिले. शिवशिवणाऱ्या दांतांत उघड्या नळ्या सुमारें आठपट आढळल्या आणि त्यांची रुंदी जवळजवळ दुप्पट भरली. नळी दुप्पट रुंद झाली कीं तिच्यांतून वाहणारा द्रव दुप्पट नव्हे, तर सोळापट होतो, हें येथें ध्यानांत घ्यावें.

यावरून औषधाचे दोन मार्ग निघतात. एक, नळ्यांचीं तोंडें बुजविणें. दुसरा, नसेला शांत करणें. ऑक्झलेट क्षारांच्या गुळण्या पहिल्या मार्गाच्या. दांतांतल्या चुन्याशीं संयोग होऊन त्यांचे बारीक स्फटिक नळ्यांत बसतात. दुसऱ्या मार्गाचें औषध म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, अर्थात् आपला सोरा. अमेरिकेंतील मिल्टन होडोश यानें १९७४ सालीं त्याचा पुरस्कार केला, आणि पुढें तो दंतमंजनांत तसाच गुळण्यांतहि आला.

बुजविण्याचा गुण प्रयोगशाळेंत मोजतां येतो. दंतिनाची पातळ चकती घेऊन तिच्यांतून औषधाच्या आधीं आणि नंतर किती द्रव पाझरतो तें पाहावयाचें. अशी मोजणी १९८१ सालीं प्रसिद्ध झाली. परंतु शिर्क्याचा धडा येथेंहि लागू आहे. चकतीला जीभ नाहीं, लाळ नाहीं आणि वेदनाहि नाहीं. म्हणून अखेर माणसांच्या तोंडाकडेच वळावें लागतें. तेथें दांतावर गार हवेचा फवारा सोडतात, किंवा बोथट टोंचणीचा दाब मोजून क्रमाक्रमानें वाढवितात, आणि कळ केव्हां व किती आली तें टिपून घेतात.

औषध कोणास द्यावयाचें हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरवावें, ही पद्धत ब्रिटनमध्यें १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रयोगानें प्रतिष्ठित केली. दंतहर्षासाठीं तज्ज्ञांनीं १९९७ सालीं नियम सुचविले. रोग्यांचे गट चिठ्ठ्यांच्या न्यायानें पाडावे. एका गटास औषधी गुळणी आणि दुसऱ्यास रंगारुचीनें तशीच, पण औषधावांचूनची गुळणी द्यावी. कोणास काय मिळालें हें रोग्यास कळूं नये आणि तपासणाऱ्यासहि कळूं नये. किमान दोन प्रकारच्या उत्तेजनांनीं दांत तपासावे, आणि हें सारें आठ आठवडे चालावें.

इतका खटाटोप कशासाठीं? कारण औषधावांचूनच्या गुळणीनेंहि पुष्कळांना बरें वाटतें. प्रयोगांत शिरलेला माणूस दांत अधिक काळजीनें घांसतो. दुखणें मुळांत कमीजास्त होणारें असतें, आणि माणूस उपचारास येतो तो तें टिपेला पोंचल्यावर. तेथून तें आपोआपहि उतरतें. शिवाय लाळेंतले क्षार कांहीं नळ्या हळूंहळूं बुजवितातच. तेव्हां गुळणी केली आणि गुण आला, एवढ्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं. दोन गटांत फरक किती पडला, हाच खरा प्रश्न.

या कसोटीचा निकाल कधीं कधीं चकित करतो. पोटॅशियमयुक्त दंतमंजनांवरील सहा प्रयोग कोक्रेन संस्थेच्या २००६ च्या समीक्षेंत एकत्र तपासले गेले. हवेच्या फवाऱ्याच्या आणि स्पर्शाच्या चांचणींत औषधाच्या बाजूनें फरक दिसला. परंतु रोग्यांना स्वतःला काय वाटतें हें विचारलें तेव्हां तो फरक टिकला नाहीं. म्हणून भक्कम पुरावा नाहीं, असा निर्णय देण्यांत आला. जेथें रोगी हाच एकमेव साक्षीदार, तेथें त्याची साक्ष डावलून उपकरणाची साक्ष कशी मानावी?

शिवाय, उपयोग झाला नाहीं तरी गुळणीनें अपाय तर होत नाहीं ना, असें म्हणून स्वस्थ बसणेंहि बरोबर नव्हे. नळ्यांच्या तोंडांवर घर्षणानें एक पातळ लेप बसलेला असतो. बाजारांतल्या कांहीं आम्लधर्मी गुळण्यांनीं तो लेप धुऊन जातो, असें १९९१ सालीं ब्रिटनमध्यें सूक्ष्मदर्शकाखालीं आढळलें. श्वास सुगंधित करणारी एखादी गुळणी अशा रीतीनें दारें बंद करण्याऐवजीं उघडूं शकते. त्याहून मोठा धोका विलंबाचा. एकाच दांतांत कळ येत असेल, गार पाणी गिळल्यावरहि ती रेंगाळत असेल, रात्रीं झोंप मोडत असेल, तर तो साधा दंतहर्ष नसून कीड किंवा तडा असण्याचा संभव असतो. तेथें गुळणीवर महिने घालवूं नयेत, दंतवैद्याकडेच जावें.

गुळणी टाकून द्या, असा याचा अर्थ नाहीं. ज्याला आराम पडतो त्याचा आराम खराच असतो. हेगार्थच्या रोग्यांचाहि खराच होता. मात्र माझा दांत राहिला, हें एक विधान झालें, आणि या औषधानें दांत राहतात, हें निराळें. पहिल्यास एक माणूस पुरतो. दुसऱ्यास अनेक माणसें, दोन गट, आठ आठवडे आणि कोणतें उत्तर हवें याविषयींचा आग्रह सोडण्याची तयारी लागते. नव्या गुळणीची जाहिरात वाचतांना ती कशाशीं ताडून पाहिली, एवढा एक प्रश्न आपण विचारूं लागलों, तरी पुष्कळ झालें.