सशांचे पूरक खाद्य, नैसर्गिक (उष्ण हवामानातील)

पाळीव सशांवरील उष्णतेचा ताण सौम्य करण्यासाठी आहारात अल्प प्रमाणात मिसळण्यात येणारे वनस्पतिज वा शैवलज पदार्थ. पाळीव ससा ज्या रानटी जातीपासून आला, ती मूळची आयबेरियन द्वीपकल्पातील (पहा : ससा). त्याला सु. १५° ते २५° से. तापमान मानवते. घर्मग्रंथी जवळजवळ नसल्याने तो मुख्यतः कान व श्वसन यांवाटे उष्णता बाहेर टाकतो. पारा ३०° से.च्या वर गेला की त्याचे खाणे घटते, वाढ मंदावते व नराची प्रजननक्षमता खालावते. ईजिप्तमधील उन्हाळी ससेपालनासाठी शेवग्याचा पाला, कलौंजी, थाइम व स्पिरुलिना यांवर संशोधन झाले आहे.

हे पदार्थ थंडावा देत नाहीत. उष्णतेमुळे पेशींत वाढणाऱ्या ऑक्सिडीकरणाला ते आवर घालतात (पहा : प्रतिऑक्सिडीकारके). ससा क जीवनसत्त्व हे प्रतिऑक्सिडीकारक स्वतःच तयार करतो, तेव्हा पूरके अनावश्यक, हा आक्षेप अपुरा आहे. कारण उन्हाळ्यात गरज वाढते आणि खाणे मात्र कमी होते. सावली, खेळती हवा व गार पाणी यांवाचून पूरके अपुरी पडतात, ही हरकत मात्र रास्त होय. आहारात एकाएकी बदल केल्यास अंधनालातील किण्वन बिघडून हगवण लागते. शेवग्याच्या वाळलेल्या पाल्यात सु. २५ टक्के प्रथिन असल्याने तो मुख्य खाद्यघटक म्हणूनही वापरतात.