‘हंगामी’ या शब्दाचा अर्थ आणि प्रयोग

दोन स्थिर अवस्थांमधील अस्थिर काळाचा निर्देश करताना मराठी इतिहासलेखक ‘हंगामी’, ‘अंतरिम’, ‘तात्पुरता’ हे शब्द बहुधा एकमेकांच्या जागी योजतात. ही सैल योजना निरुपद्रवी नाही. यांपैकी ‘हंगामी’ या शब्दाचा मूळ कस पाहावयाचा असेल, तर तो दप्तरात न पाहता करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या ऊस पिकविणाऱ्या गावात पाहावा.

‘हंगाम’ हा शब्द फारसी. त्याचा अर्थ वेळ, ऋतू, उचित समय. (‘हंगामा’ हा त्याचाच आप्त, पण तो गोंगाटाच्या वाटेने गेला.) शेतकऱ्याच्या तोंडी आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू असे लागणीचे भेद असतात, आणि गुऱ्हाळाचा व कारखान्याचा गळिताचा हंगाम असतो. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट गृहीत आहे : हंगाम संपतो, पण तो पुन्हा येतो. साखर कारखान्यातील हंगामी कामगार हे याचे उत्तम प्रमाण होय. गळीत थांबले तरी त्याचा संबंध तुटत नाही. बिगरहंगामात त्याला ‘रिटेन्शन’ भत्ता देण्याची रीत आहे. तो कायम नव्हे, हे खरे. परंतु तो तात्पुरताही नव्हे. वीस-वीस वर्षे हंगामी राहिलेल्या माणसाला तात्पुरता म्हणणे हा केवळ भाषेचा दोष नव्हे, तो त्याच्या हक्कावर घाला आहे.

राज्यकारभाराच्या भाषेत शिरताना या शब्दातील पुनरागमनाची छटा गळून पडली. २ सप्टेंबर १९४६ रोजी दिल्लीत अधिकारारूढ झालेल्या सरकारला मराठीत ‘हंगामी सरकार’ म्हटले गेले. ते पुन्हा येणारे नव्हते. पुढील कायम व्यवस्था होईपर्यंतचे होते. तेथे ‘अंतरिम’ अधिक नेमका; परंतु रूढी बलवत्तर असते, आणि ती मोडण्याचा आमचा आग्रह नाही.

मात्र कोल्हापूरच्या गादीविषयी लिहिताना सावध राहिले पाहिजे. १९४० मध्ये राजाराम महाराज निवर्तले. १९४१ मध्ये दत्तक आलेले बालछत्रपती शिवाजी १९४६ मध्ये वारले. १९४७ मध्ये शहाजी महाराज दत्तक आले आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. यांतील रिक्त गादीच्या अवधींना काय म्हणावे? रोमन लोकांत राजा वारल्यावर नवा राजा निवडला जाईपर्यंत कारभार पाहणाऱ्यास स्वतंत्र पदनाम होते, आणि त्यावरूनच यूरोपीय भाषांना या अवधीचा शब्द मिळाला. आपल्याकडे ‘अराजक’ हा शब्द मुळात नेमका याच अर्थाचा, राजा नसलेल्या स्थितीचा. परंतु आज त्यातून केवळ बेबंदशाहीचा बोध होतो, आणि कोल्हापुरात तर दप्तर, वसुली, न्यायकचेऱ्या चालूच होत्या. ‘हंगामी’ म्हणावे तर गादी वारंवार रिकामी होणे हा जणू संस्थानाचा ऋतूच ठरेल. म्हणून ‘रिक्तगादीचा काळ’ असे सरळ म्हणावे, आणि छत्रपती गादीवर असून अज्ञान होते तो काळ त्याहून निराळा मोजावा.

गडमुडशिंगीच्या परिसरातील वळिवड्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. पाच वर्षे टिकली, तरी ती फिरून येणारी नव्हती. तिला तात्पुरतीच म्हटले पाहिजे. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले. त्यांचीही वस्ती आरंभी तात्पुरती होती. आज तिला गांधीनगर म्हणतात.